स्टार ट्रेकमधले पाहुणे कलाकार: तेच लोक पुन्हा पुन्हा का, आणि त्यांचं पुढे झालं काय?

अवकाशवेडा

‘स्टार ट्रेक’ या अवकाशकथांतल्या ‘नेक्स्ट जनरेशन’ आणि ‘डीप स्पेस नाइन’ या मालिका लागोपाठ पाहून झाल्या, आता ‘व्हॉयेजर’ लावली आहे. एखादा परग्रहवासी येतो, कपाळाला वळ्या, नाकाला घड्या, मूळ चेहरा पार झाकलेला. पण तोंड उघडलं की आवाज ओळखीचा वाटतो. श्रेयनामावली पाहिली की तेच नाव. जेफ्री कोम्ब्स, वॉन आर्मस्ट्राँग, टोनी टॉड, सुझी प्लॅक्सन. हॉलिवूडमध्ये नटांचा दुष्काळ पडला होता का?

मला तीन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. त्याच माणसांना सारखं का बोलावतात? एका भागाच्या कामातून कुणाचं खरंच भलं झालं का, की रबराखाली गेलेला चेहरा कुणाच्या लक्षातच राहत नाही? आणि यात पैसे कसे मिळतात? नावांच्या याद्या नेटवर पोत्याने आहेत, कारणं कुणी लिहीत नाही.

---

फावल्या_वेळचा_क्लिंगॉन

दुष्काळ अजिबात नाही. चेहरा झाकला जातो, म्हणूनच परत बोलावता येतं. पोलीस मालिकेत खुनी झालेला नट पुढच्या वर्षी वकील म्हणून आला तर प्रेक्षक लगेच पकडतो. इथे ती अडचणच नाही. ही रीत पहिल्या मालिकेपासूनची आहे. मार्क लेनार्ड १९६६ साली ‘बॅलन्स ऑफ टेरर’मध्ये रोम्युलन या परग्रही वंशाचे कमांडर होते, १९६७ मध्ये स्पॉकचे व्हल्कन वडील सारेक झाले आणि १९७९ च्या चित्रपटात क्लिंगॉन कप्तान. तीन वंश, एकच माणूस.

पण खरं कारण मेकअपच्या खोलीत आहे. नवा नट घेतला की आधी त्याच्या डोक्याचा ठसा घ्यावा लागतो. दंतवैद्य दातांचं माप घ्यायला वापरतात ते अल्जिनेट चेहऱ्यावर थापतात, नाकपुड्या मोकळ्या ठेवून वरून प्लास्टरच्या पट्ट्या लावतात, आणि तो कडक झाला की उतरवून आत प्लास्टर ओततात. तयार झालेल्या डोक्यावर मातीत कपाळ-नाक घडवायचं, त्याचा साचा काढायचा, साच्यात फोम लेटेक्स भरून भट्टीत भाजायचं. हे तुकडे एकदाच वापरता येतात, कारण त्वचेशी एकजीव व्हावी म्हणून कड कागदाहून पातळ ठेवलेली असते आणि द्रावण लावून सोडवताना ती फाटते. म्हणजे नटाचे पाच दिवस काम असेल तर पाच संच. मायकेल वेस्टमोर १९८७ पासून २००५ पर्यंत या खात्याचे प्रमुख होते. ज्याचं डोकं त्यांच्या फळीवर आधीच तयार आहे, त्याला घेतलं तर पहिला टप्पाच वाचतो. टीव्हीच्या वेळापत्रकात नेमणूक आणि चित्रीकरण यांत मोजकेच दिवस असतात, त्यामुळे ही बचत छोटी नाही.

दुसरं, रबराखाली प्रत्येकाला जमत नाही. घाम येतो आणि ओठांच्या कोपऱ्यांशी कड सुटू लागते. मग दर टेकनंतर मेकअपवाला डिंक घेऊन धावतो. खोट्या दातांमुळे स आणि श यांचा चुराडा होतो. काहींना लेन्स सोसत नाहीत, काहींचा दोन तासांत जीव कोंडायला लागतो आणि तिसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसायलाच तयार नसतात. शिवाय अभिनयाचं मापच बदलतं: भुवईची बारीक हालचाल फोममधून बाहेर येत नाही, ती दुप्पट करावी लागते, पण आवाज दुप्पट केला की नाटकी वाटतं. ज्याला हा तोल एकदा साधला, त्याचा नंबर कास्टिंगवाले कशाला हरवतील?

वेळेचं गणितही बघा. मेकअपचा वेळ कामाच्या वेळेत मोजला जातो आणि नटांच्या संघटनेच्या नियमानुसार नटाला सुटल्यापासून बारा तास विश्रांती द्यावी लागते, नाहीतर दंड. रात्री आठला चित्रीकरण थांबलं, उतरवायला एक तास लागला, म्हणजे नट नऊला सुटला. दुसऱ्या दिवशी त्याला सकाळी नऊच्या आत बोलावता येत नाही. तीन तास मेकअप धरला तर तो कॅमेऱ्यासमोर दुपारी बाराला उभा राहणार. तोवर इतरांचे प्रसंग उरकायचे. यात नट बिथरला किंवा संवाद विसरला तर अख्खा दिवस गडगडतो.

संवादांचं वेगळंच दुखणं. अर्थ नसलेले तांत्रिक शब्द अर्थ असल्यासारखे म्हणायचे असतात. ‘चेन ऑफ कमांड’ (१९९२) मध्ये कॅप्टन पिकार्डचा छळ करणारा कार्डेसियन अधिकारी गुल मॅड्रेड (‘गुल’ हा त्यांच्यातला हुद्दा) म्हणजे डेव्हिड वॉर्नर. त्यांना तीन दिवस आधी बोलावलं होतं, पाठांतराला वेळच नव्हता, म्हणून संवाद कागदांवर लिहून सेटवर लावले होते. त्यांनीच मुलाखतीत सांगितलं आहे. तो भाग पाहताना हे कुठेही जाणवत नाही. इतका मुरलेला नट असेल तर ऐनवेळी बोलावूनही काम निघतं, याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

---

सानिका_डेल्टा

वरच्याला +१. कोम्ब्सबद्दल भर घालते, कारण पाहुण्या कलाकाराची कारकीर्द कशी वाढते हे त्याच्यात सर्वांत स्वच्छ दिसतं.

१९८७ मध्ये त्याने ‘नेक्स्ट जनरेशन’मधल्या रायकर या कायम भूमिकेसाठी ऑडिशन दिली होती. ती मिळाली जोनाथन फ्रेक्सला. १९९४ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’च्या ‘मेरिडियन’ या भागात कोम्ब्स पहिल्यांदा आला, आणि त्या भागाचा दिग्दर्शक कोण? फ्रेक्सच. भूमिका टिरॉन नावाच्या एका गिऱ्हाइकाची, तशी फुटकळ. १९९५ मध्ये ‘फॅमिली बिझनेस’मध्ये फेरेंगी या पैशाच्या मागे लागलेल्या जमातीचा वसुली अधिकारी ब्रंट. १९९६ मध्ये ‘टु द डेथ’मध्ये व्होर्टा जमातीचा वेयून, आणि त्याच भागाच्या शेवटी वेयूनला ठार मारलं होतं. म्हणजे कागदावर ते एका भागाचंच काम होतं. पण तो इतका रंगला की लेखकांना त्याला मारल्याचा पस्तावा झाला; मग व्होर्टा जमातीत क्लोन असतात अशी सोय काढून १९९७ मध्ये त्याला परत आणलं. नटासाठी एका जमातीच्या जीवशास्त्रात बदल केला गेला! शेवटाकडे, १९९९ च्या ‘द डॉग्ज ऑफ वॉर’मध्ये ब्रंट आणि वेयून दोघेही एकाच भागात आहेत. पुढे ‘एंटरप्राइझ’मध्ये अँडोरियन श्रान (२००१ पासून) आणि ‘लोअर डेक्स’ या अ‍ॅनिमेशन मालिकेत अ‍ॅगिमस या संगणकाचा आवाज.

एवढं सगळं होऊनही तो कुठल्याच मालिकेत कायम कलाकार नव्हता. श्रेयनामावलीत शेवटपर्यंत ‘गेस्ट स्टार’.

वॉन आर्मस्ट्राँगचीही रांग पाहा: १९८८ च्या ‘हार्ट ऑफ ग्लोरी’त क्लिंगॉन, मग कार्डेसियन, ‘आय ऑफ द नीडल’मध्ये रोम्युलन शास्त्रज्ञ, मग बोर्ग या अर्धयांत्रिक समूहातून सुटलेला माणूस, मग हिरोजेन आणि विडियन हे आणखी दोन परग्रही वंश. २००१ मध्ये ‘एंटरप्राइझ’मध्ये अ‍ॅडमिरल फॉरेस्ट झाला तेव्हा कुठे त्याचा स्वतःचा चेहरा नीट दिसला.

(अवांतर: माझ्या मते ‘आय ऑफ द नीडल’ हे त्याचं सर्वोत्तम काम. व्हॉयेजर पाहताय तर पहिल्याच सीझनमध्ये आहे, सोडू नका.)

---

हिशेबनीस

पैशाबद्दल. अमेरिकन टीव्हीत पाहुण्याचे ढोबळ दोन थर असतात. दोन-चार वाक्यांचा ‘को-स्टार’ रोजावर काम करतो. ‘गेस्ट स्टार’ला भागाचं ठरावीक मानधन मिळतं, तासाभराच्या मालिकेत मोठ्या भूमिकेला आठ दिवसांच्या कामाची हमी असते. एका भागाचं चित्रीकरण साधारण सात-आठ दिवसांत व्हायचं, त्यामुळे हे जुळतं. बहुतेक मालिका स्वतःची एक कमाल रक्कम ठरवतात आणि ‘त्यावर कुणालाच नाही’ असं सांगून घासाघीस बंद करतात. मग एजंट भांडतात ते नाव कुठे झळकणार यावर: सुरुवातीला की शेवटी, एकट्याने की घोळक्यात. बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल, पण पुढच्या कामाची बोली त्यावरून सुरू होते.

खरा फरक पडतो पुनःप्रक्षेपणाच्या पैशात. अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने १९७४ च्या करारात हे पैसे कायमस्वरूपी मिळवले. त्याआधी ठरावीक पुनःप्रक्षेपणांनंतर ते बंद व्हायचे. परिणाम: १९६६ ते १९६९ ची मूळ मालिका सत्तरच्या दशकात स्थानिक वाहिन्यांवर रोज दाखवली गेली, तिच्यामुळे पंथच उभा राहिला, पण त्यातल्या नटांच्या हाती त्या लोकप्रियतेतून काही पडलं नाही. पाहुण्यांचं तर सोडाच, कायम कलाकारांचीही तीच गत.

‘नेक्स्ट जनरेशन’नंतरचे पाहुणे या बाबतीत सुखी. स्थानिक वाहिन्यांवर भाग दुसऱ्यांदा लागला की किमान वेतनाच्या ४० टक्के, मग उतरत उतरत तेराव्यांदा आणि पुढे दर वेळी ५ टक्के. एका भागाचे ५ टक्के म्हणजे चहापाण्याचा खर्च. पण कोम्ब्स-आर्मस्ट्राँगसारख्यांचे डझनावारी भाग जगभर फिरत असतात, तेव्हा थेंबे थेंबे तळं साचतं. लक्षात घ्या, टक्केवारी किमान वेतनावर मोजतात, प्रत्यक्ष घेतलेल्या मानधनावर नाही. म्हणून ज्याने जास्त घेतले त्याला पुढे जास्त मिळतील असं समजू नका. स्ट्रीमिंगचा हिशेब निराळा, आणि तिथे आकडे फार खाली आले हे २०२३ च्या ११८ दिवसांच्या संपामागचं एक मुख्य कारण होतं.

तिसरी कमाई चाहत्यांच्या संमेलनांतली: सह्या, फोटो, व्यासपीठावरच्या गप्पा. वैद्यकीय किंवा कोर्टाच्या मालिकेतल्या पाहुण्याला तीस वर्षांनी कुणी सही मागत नाही. ट्रेकमध्ये एका भागाच्या क्लिंगॉनपुढेही रांग लागते. कोम्ब्स, आर्मस्ट्राँग, केसी बिग्ज, मॅक्स ग्रोडेनचिक यांनी तर ‘रॅट पॅक’ नावाने संमेलनांत गाण्यांचे कार्यक्रमच केले.

---

खवचट_आजोबा

सगळे कौतुकच करताय, म्हणून थोडा खडा टाकतो.

‘बघा, हे सगळे ट्रेकमधून पुढे आले’ अशा याद्या फिरतात, त्यात अ‍ॅशली जुड (१९९१), फाम्के यान्सेन (१९९२), टेरी हॅचर (१९८८), कर्स्टन डन्स्ट (१९९३) ही नावं असतातच. यांच्यापैकी कुणाचं बस्तान ट्रेकमुळे बसलं असं मला दिसत नाही. लॉस एंजेलिसमध्ये त्या काळी तरुण नटीला मिळेल ते टीव्हीचं काम करावंच लागे, त्यात एक ट्रेकचं. हॅचरचं तर त्या भागात श्रेयनामावलीत नावसुद्धा नाही. उलट यान्सेनकडून मालिकेलाच फायदा झाला: ‘द परफेक्ट मेट’मध्ये तिच्या कपाळाच्या कडेने मानेपर्यंत उतरणारे ठिपके होते. पुढे ‘डीप स्पेस नाइन’मधल्या ट्रिल वंशाच्या डॅक्सच्या भूमिकेत टेरी फॅरेलच्या कपाळावर आधी दाखवलेल्या ट्रिलसारखं रबर लावून पाहिलं, ते शोभेना, तेव्हा तेच ठिपके उचलले.

ड्वेन जॉन्सन २००० मध्ये ‘त्सुंकात्से’त आला तोही शोध लागला म्हणून नव्हे. व्हॉयेजर आणि कुस्तीचा ‘स्मॅकडाउन’ हे दोन्ही यूपीएन या एकाच वाहिनीवर होते. एकाचे प्रेक्षक दुसऱ्याकडे वळवायचे, एवढाच हिशेब. (त्याच भागात आखाड्याचा मालक कोण आहे ते सानिकाताईंना विचारा.)

एका भागाच्या कामाने आयुष्य बदलल्याचं पुराव्यानिशी सांगता येईल असं उदाहरण ट्रेकच्या बाहेर आहे. १९९८ मध्ये ‘एक्स-फाइल्स’च्या ‘ड्राइव्ह’ या भागात ब्रायन क्रॅन्स्टन होता. भूमिका अत्यंत किळसवाण्या, तिरसट माणसाची, तरी शेवटी त्याच्याबद्दल वाईट वाटलं पाहिजे, अशी अट. भाग लिहिला होता व्हिन्स गिलिगनने. दहा वर्षांनी त्याच गिलिगनने ‘ब्रेकिंग बॅड’ उभी केली, तेव्हा वाहिनीवाले क्रॅन्स्टनला विनोदी मालिकेतला बाप म्हणूनच ओळखत होते आणि कां-कूं करत होते. गिलिगनने त्यांना ‘ड्राइव्ह’ दाखवला. भूमिका मिळाली. इथे नीट पाहा: कामाला आलं ते मालिकेचं नाव नव्हे, लेखकाची आठवण. प्रेक्षकांनी नव्हे, खोलीतल्या एका माणसाने लक्षात ठेवलं.

हेच ट्रेकलाही लागू. मिशेल फोर्ब्सने १९९१ मध्ये ‘हाफ अ लाइफ’मध्ये एक छोटी भूमिका केली, ती निर्मात्यांना आवडली आणि त्याच वर्षी तिला रो लारेन ही पुन्हा पुन्हा येणारी भूमिका मिळाली. ‘डीप स्पेस नाइन’मध्ये तिला कायम घ्यायचं ठरलं होतं, तिने नकार दिला, म्हणून किरा हे पात्र नव्याने लिहावं लागलं. आणि २००५ मध्ये ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’त ती अ‍ॅडमिरल केन झाली. ती मालिका कुणाची? ट्रेकचा जुना लेखक रॉन मूर याची.

---

अवकाशवेडा

भरपूर मिळालं, आभार. एक उपप्रश्न. व्हॉयेजरमधला टॉम पॅरिस म्हणजे रॉबर्ट डंकन मॅकनील. तोच ‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये निक लोकार्नो होता ना? दोघेही वैमानिक, दोघांच्या हातून माणसं गेली, दोघांनीही ते लपवलं. मग तेच पात्र का नाही आणलं?

---

फावल्या_वेळचा_क्लिंगॉन

हो, १९९२ चा ‘द फर्स्ट ड्यूटी’. त्याची दोन कारणं सांगितली जातात. निर्मात्यांचं म्हणणं असं की लोकार्नो वरून चांगला, आतून वाया गेलेला. त्यांना वरून वाया गेलेला, आतून चांगला माणूस हवा होता. दुसरं चाहत्यांमध्ये चालतं ते व्यवहाराचं: अमेरिकन लेखक संघटनेच्या नियमानुसार एका भागासाठी निर्माण केलेलं पात्र पुन्हा वापरलं की मूळ लेखकाला दर भागामागे रक्कम द्यावी लागते. कायम पात्र म्हणजे सात वर्षं दर आठवड्याला. मला पहिलं कारण जास्त पटतं, कारण पॅरिस स्वतःहून कबुली देतो आणि लोकार्नो देत नाही, हा फरक कथेतच आहे. तरी दुसरं पूर्ण खोटं असेल असंही नाही.

तो भाग रॉन मूर आणि नरेन शंकर यांनी मिळून लिहिला होता. शंकर भारतीय वंशाचे, कॉर्नेलचे डॉक्टरेट, ट्रेकचे विज्ञान सल्लागार; पुढे ‘द एक्स्पान्स’चे सूत्रधार.

मॅकनील एकटा नाही. आर्मिन शिमरमन १९८७ च्या ‘द लास्ट आउटपोस्ट’मध्ये अगदी पहिल्या फेरेंगींपैकी एक होता, १९९३ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’मधला क्वार्क ही कायम भूमिका मिळाली. टिम रस १९८७ मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’मधल्या जॉर्डीच्या ऑडिशनला आला होता, मग ‘स्टारशिप माइन’मध्ये गुंड, ‘डीप स्पेस नाइन’मध्ये क्लिंगॉन, चित्रपटात एक अधिकारी, आणि मग ‘व्हॉयेजर’मध्ये तुवॉक. इथन फिलिप्स १९९० मध्ये फेरेंगी होता, मग ‘व्हॉयेजर’चाच नीलिक्स. कोम मीनी १९८७ च्या पहिल्या भागात सुकाणूवर बसलेला बिननावाचा माणूस होता. आडनाव दुसऱ्या सीझनमध्ये मिळालं, संपूर्ण नाव चौथ्यात, आणि १९९३ मध्ये तो दुसऱ्या मालिकेचा आधारस्तंभ. थोडक्यात, पाहुण्याचं काम ही निर्मात्यांसाठी पगारी ऑडिशन होती.

दिग्दर्शनाची वाटही तिथूनच. ‘डीप स्पेस नाइन’मध्ये गारॅक झालेला अँड्र्यू रॉबिन्सन त्याच मालिकेतल्या ओडो या कायम भूमिकेसाठी आला होता, ती हुकली आणि गारॅक मिळाला. पुढे त्याने ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’चे भाग दिग्दर्शित केले. मॅकनील तर आता मुख्यतः दिग्दर्शक म्हणूनच ओळखला जातो. आणि २०२३ मध्ये ‘लोअर डेक्स’मध्ये लोकार्नो परत आला, आवाज मॅकनीलचाच. पैसे द्यायचे तर द्यायचे, असं कुणीतरी ठरवलं असावं!

---

टार्डिसवाली

ब्रिटिश बाजू राहिलीच. ‘डॉक्टर हू’मध्ये (नायक ‘डॉक्टर’, तो अधूनमधून चेहरा बदलतो आणि नवा नट येतो) रबर कमी, चेहरे उघडे, तरी पाहुणे मुख्य भूमिकेत येतात. कॉलिन बेकर १९८३ मध्ये ‘आर्क ऑफ इन्फिनिटी’त पहारेकऱ्यांचा प्रमुख होता आणि त्याने चक्क डॉक्टरवर गोळी झाडली, पुढच्याच वर्षी तो स्वतः डॉक्टर. २००८ च्या ‘द फायर्स ऑफ पॉम्पेई’ या एका भागात पीटर कपाल्डी आणि कॅरन गिलन दोघेही होते. ती २०१० मध्ये डॉक्टरची सहप्रवासी एमी पाँड झाली, तो २०१३ मध्ये बारावा डॉक्टर. चेहरा लपवायची सोय नसल्यामुळे इथे कथेतच खुलासा द्यावा लागतो. फ्रीमा अगयेमनचं पात्र २००६ मध्ये मेलं होतं, २००७ मध्ये ती सहप्रवासी मार्था म्हणून आली तर आधीचं पात्र मार्थाची चुलत बहीण ठरवलं. कपाल्डीच्या चेहऱ्याचं कारण द्यायला २०१५ उजाडलं.

अगदी अलीकडचं म्हणजे वरदा सेतू. केरळात जन्म, वाढली इंग्लंडमध्ये. २०२४ च्या ‘बूम’मध्ये सैनिक मंडी फ्लिन, आणि २०२५ मध्ये सहप्रवासी बेलिंडा चंद्रा. आजोबांचा मुद्दा इथे मात्र थोडा लंगडा पडतो: कॅरी मलिगन २००७ च्या ‘ब्लिंक’मध्ये अक्षरशः नायिका आहे, डॉक्टर जेमतेम दिसतो. अशी भूमिका असेल तर ती नुसती यादीतली ओळ नाही, पुढच्या दिग्दर्शकाला दाखवण्याजोगं पाऊण तासाचं काम आहे.

आपल्याकडचं कुणी शोधायचं तर एरिक अव्हारी पाहा. दार्जिलिंगमध्ये जन्मलेला पारशी नट. ‘युनिफिकेशन’मध्ये (१९९१) एक क्लिंगॉन, ‘डीप स्पेस नाइन’च्या ‘डेस्टिनी’त (१९९५) बजोरन पुरोहित, ‘एंटरप्राइझ’च्या ‘टेरा नोव्हा’त (२००१) जामिन. शिवाय १९९४ च्या ‘स्टारगेट’ चित्रपटात कासुफ, आणि त्याच्या मालिकेतही तोच. नाव फार कुणाला माहीत नाही, पण काम कधी थांबलं नाही. याउलट मुंबईच्या पर्सिस खंबाटा: ट्रेकची नवी मालिका काढायचा बेत आखला होता तेव्हा त्यांना इलिया या कायम भूमिकेसाठी घेतलं, मग बेत बदलून १९७९ चा चित्रपट झाला, त्यासाठी डोकं भादरलं, जगभर फोटो छापून आले. पण पात्र त्याच चित्रपटात संपलं. आठवड्यामागून आठवडे पडद्यावर दिसण्याची संधी गेली ती गेलीच.

---

सानिका_डेल्टा

आजोबा, आखाड्याचा मालक पेंक म्हणजे कोम्ब्सच, तो मुद्दाम तुमच्यासाठी गाळला होता. :)

अवकाशवेडा, फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर मार्क अलायमो धरा. ‘लोनली अमंग अस’ (१९८७) मध्ये तो कुत्र्यासारख्या तोंडाचा अँटिकन आहे, जवळजवळ पूर्ण झाकलेला. ‘द न्यूट्रल झोन’ (१९८८) मध्ये रोम्युलन, फक्त कपाळ आणि कान. ‘द वुंडेड’ (१९९१) मध्ये गुल मॅसेट, पडद्यावरचा पहिला कार्डेसियन, तोही दाढी-मिशांसकट, जे पुन्हा कधी दिसलं नाही. ‘टाइम्स अ‍ॅरो’त (१९९२) जुन्या सॅन फ्रान्सिस्कोतला जुगारी, चेहरा उघडा. आणि मग १९९३ पासून ‘डीप स्पेस नाइन’मधला गुल डुकाट. याच क्रमाने पाहा, आवाज बंद करून एकदा आणि चालू ठेवून एकदा. ‘टाइम्स अ‍ॅरो’चा पहिलाच भाग पुरे, दुसऱ्यात तो नाही.